वायफाय गेल्यावर

३ नोव्हेंबर
बोर्ली पंचतनपासून दोन किलोमीटरवर, खाडीकाठी, अखेर स्वतःचं घर. मस्कतमध्ये तीस वर्षं दुसऱ्यांचे एसी दुरुस्त केले. आता आपण वाऱ्यात बसायचं. लेकीने, इनशाने, दोह्याहून नवा फोन पाठवलाय. तिचं बाळ दोन महिन्यांचं. रोज दुपारी जोहरच्या नमाजानंतर व्हिडिओ कॉल ठरलाय. मोबाइलला इथे रेंज नाही, म्हणून वायफाय घेतलं. वायर ओढून वायफायवाला विनेश म्हणाला, काका, स्पीड असा हाय, नातू फोनातनं बाहेर येईल.

४ नोव्हेंबर
मागच्या खोलीच्या फडताळात जुना टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट सापडली. पूर्वी आमच्या बायका खुशाली कॅसेटमध्ये भरून आखातात पाठवायच्या. नवरा त्याच कॅसेटवर जवाब भरून परत धाडायचा. हिच्यावर एका बाईचा आवाज. घरी या, घरी या, एवढंच, अर्धा तास. जवाब कोणी भरलाच नव्हता. वाईट वाटलं. बटण दाबून मीच भरला: खैरियत आहे, येतो.

६ नोव्हेंबर
नातू फोनातनं बाहेर आला नाही, आतच अडकला. जांभई देता देता थिजला आणि वायफाय गेलं. काल तेच, आज तेच, बरोबर अडीचला. विनेश म्हणतो लाइन ओके हाय, तुमचा फोनच डब्बा हाय. गिऱ्हाइकाला मीही असंच सांगायचो, त्यामुळे मला ते पटत नाही. राउटरला म्हटलं, तुझ्यापेक्षा हट्टी मशिनं मी वठणीवर आणलीत.

८ नोव्हेंबर
वायफाय गेलं की मागच्या खोलीत टेपची खरखर सुरू होते. कॉम्प्रेसरचा बिघाड मी भिंतीपलीकडून ओळखतो, माझे कान चुकत नाहीत. टेपरेकॉर्डरचा प्लग काढलेला. तरी आतून माझाच आवाज: इनशा बेटा, जेवलीस का. पुन्हा तेच. पुन्हा. दर खेपेला जास्त बरोबर, माझ्या खोकल्यासकट. हे मी कधी भरलं नव्हतं.

९ नोव्हेंबर
शेजारच्या सकिना खालाला कॅसेटबद्दल विचारलं. ती बाई काशिफा, या घराची पहिली मालकीण. नवरा कुवेतला गेला तो आलाच नाही. मरेपर्यंत ती त्या खोलीत कॅसेट भरायची. शेवटी शेवटी म्हणायची, आता जो येईल त्याला जाऊ देणार नाही. खाला म्हणाली, नुरुद्दीनभाई, घर विका. मी म्हटलं, घामाचं घर आहे, ती निघेल, मी नाही.
कॅसेट फोडून खाडीत टाकली.

११ नोव्हेंबर
दोन मिनिटं वायफाय आलं. इनशा खूश. अब्बा, काल तासभर किती गोड बोललात. मी काल बोललोच नव्हतो. बाळाला घेऊन ये, कायमची ये, असं मीच म्हणालो म्हणे. तिकीट काढलंय. येऊ नको म्हणायला तोंड उघडलं, तिचं चित्र थिजलं. मागच्या खोलीतून मी म्हणालो— येच.

१२ नोव्हेंबर
राउटर दगडाने ठेचला. रेंजसाठी बोर्लीच्या बाजारात गेलो. तासभर इनशाची लाइन बिझी. येऊ नको, असे मेसेज केले. जवाब आला: अब्बा, आता तुम्हीच फोनवर सांगितलंत ना, मेसेजकडे लक्ष देऊ नको म्हणून.
म्हणजे घरी काशिफा अजून माझ्या आवाजात—

१४ नोव्हेंबर
विमान उतरलं असेल. विमानतळावर गेलो आणि चुकामूक झाली तर ती थेट इथेच येणार. म्हणून दारातच बसलोय, खुर्ची आडवी टाकून. दाराला बाहेरून कुलूप लावलंय. काशिफाबाई, ऐकतेस ना? तुझ्या माणसाने फसवलं, त्याचा हिशेब माझ्या लेकीकडे मागायचा नाही. माझ्यावरून जावं लागेल.

गाडी आली. इनशा उतरली, बाळ कुशीत. मी हात केला. ओरडलो, गाडीत बस, मागे जा—

ती माझ्याकडे बघतच नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघून हसतेय. सलाम करतेय. मागून माझा खोकला. दार उघडं—

उठतोय मी. लेक माझी आहे, आवाज माझा आहे, मी तिला—