साडूच्या पायाखालचा हीटर

५ मार्च १९७९
संकल्प: आजपासून निपाणीच्या रवळूचं नाव काढायचं नाही. मन शांत ठेवायचं.

रवळू म्हणजे माझा साडू, बायको मालू हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, तंबाखूचा व्यापारी. स्वतःच्याच डायरीत हे सांगायची गरज नाही, पण मी सर्व्हे ऑफिसात हेडक्लार्क आहे. नोंद पूर्ण असावी. बरोबर वर्षापूर्वी धाकट्या मेव्हण्याच्या लग्नात नवरदेव माझ्या प्लिमथमध्ये होता. पंचावन्नचं मॉडेल, कॅम्पातल्या कर्नलसाहेबांकडून घेतलेली. अमेरिकन असल्यामुळे हीटरसकट. त्या दिवशी हीटरची चावी, म्हणजे गरम पाण्याचा कॉक, उघडीच अडकली, एवढंच. नवरदेवाची हळद घामाबरोबर सदऱ्यावर उतरली. तर या गृहस्थाने संकेश्वरात, बँडवाल्यांच्या देखत, त्याला उतरवून आपल्या अँबॅसॅडरमध्ये घातलं. वर म्हणाला, "ही गाडी न्हाय पाव्हणं, भट्टी हाय भट्टी!"

तेव्हापासून सासुरवाडीत मी भट्टीवाले दाजी. मालू तर वर्षभर गाडीत बसलेली नाही. माहेर काकतीला, बेळगावहून दोन कोसांवर, तरी एस.टी.ने जाते. मला त्याचं काही वाटत नाही.

वाटतं. फार वाटतं.

१२ मार्च
धाकटी मेव्हणी अंबू हिचं लग्न ठरलं. १३ मे, निपाणीला. वऱ्हाड काकतीहून निघणार. नवरी कुणाच्या गाडीत बसणार हे सासूबाई ठरवतील. रवळूने अँबॅसॅडर देऊ केली आहे म्हणे.

प्लिमथमध्ये एसी बसवायचा. बेळगावात कुणाच्याही खासगी गाडीत एसी नाही. मे महिन्यात अंबू गारव्यात बसेल, शेजारी मालू, आणि मागून घाम पुसत रवळू. (नाव काढलं. आजचा दिवस अपवाद.)

१९ मार्च
कोल्हापूरच्या भंगारवाल्याकडून एसीचं सगळं सामान आणलं. गंज वरवरचा आहे. देवाप्पा मेस्त्रीने नखाने गंज खरवडून पाहिला. म्हणाला, डॅशबोर्डाखालच्या पेटीत एकच काय ते मावतंय, हीटर तरी न्हायतर गार कॉईल तरी. हीटर काढून टाकू, आपल्याकडं कुणाला लागतोय?

मी म्हटलं, काढ. टाकू नको.

२ एप्रिल, ऑफिसात, दुपारी
कल्पना सुचली. इतकी सुंदर, की साहेबांसमोर हसू आलं आणि मेमो मिळता मिळता राहिला.

हीटर मागच्या सीटखाली बसवायचा. इंजिनापासून लांब रबरी नळ्या टाकायच्या. चावी माझ्या सीटखाली, कुणाला न दिसणारी. पुढे गारवा, मागे मानाने बोलावलेला रवळू. सासुरवाडीच्या सगळ्यांना सांगायचं, एसी आहे. सगळ्यांना गार वाटणार, एकट्या रवळूला उकडणार. तक्रार केली तर लोक म्हणतील, पाव्हण्याचं डोकं तापलंय.

देवाप्पा म्हणाला, असलं काम आजवर कुणी सांगितलं न्हाय. मी ही शाबासकी समजतो.

२२ एप्रिल
गॅस भरला. पिरनवाडीपर्यंत ट्रायल. अकरा मिनिटं खरोखर गार. मग इंजिनचा काटा तांबड्यात.

देवाप्पाचं म्हणणं असं: एसीची जाळी रेडिएटरपुढं बसलीया, वारं अडतंय. एसी चालवायचा आसंल तर हीटर पुरता सोडायचा, म्हंजे इंजनाची ऊब निघून जाईल. न्हायतर इंजनाचं हेड तडकलं म्हणून समजा.

थोडक्यात, एसी चालू असला की हीटर चालू असायलाच हवा. माझ्या योजनेला यंत्रशास्त्राचाही पाठिंबा आहे.

२९ एप्रिल
मालूला ट्रायलला चल म्हटलं. म्हणाली, अण्णांवरच्या रागानं गार केलेल्या गाडीत मला नाही बसायचं. (रवळूला ती अण्णा म्हणते.) तिला कुणी सांगितलं कळत नाही. मी झोपेत बोलतो म्हणे.

१२ मे, काकती
सासूबाईंनी नवरी अँबॅसॅडरमध्ये बसवायचं ठरवलं. कारण दिलं नाही. मालूही त्याच गाडीत.

जेवण गेलं नाही.

संध्याकाळी कळलं, अँबॅसॅडर बायकांनी भरली आणि रवळूलाच जागा उरली नाही. स्वतः येऊन म्हणाला, "मी तुमच्या गाडीतनं येतो की पाव्हणं. चालंल न्हवं?"

चालेल? दोन वेळा जेवलो.

१३ मे, सकाळी ६.१०
रवळू मागे, एकटा, हातात काठी (रुबाबासाठी असणार). बाकीच्या सीटवर रुखवताची पातेली. काचा बंद, एसी आहे हे रस्त्यावरच्या लोकांनाही दिसलं पाहिजे. मी कोटात. चावी तूर्त अर्धीच सोडली; पुरती पुढे सोडू.

७.२५, संकेश्वर
चहाला थांबलो आहे, म्हणजे इंजिन थांबलं आहे. एसीचा गॅस हत्तरगीजवळच संपला असावा. एसीचा पट्टा काढून टाकला तरी काटा खाली येईना, म्हणून चावी पूर्ण सोडावी लागली. कोट काढला. टाय काढला. सदरा पिळला. रवळू मागे हूं की चूं करत नाही. सहन करतोय. मोडेल.

८.५०, निपाणीच्या अलीकडे
रवळू घोरतोय.

१३ मे, दुपारी, मांडवाबाहेर, गाडीत
उतरताना रवळू काठी गाडीतच विसरला. मला वाटलं, चक्कर आली असेल. तर माणूस तडक मांडवात चालत गेला. दोन वर्षांपासून गुडघे धरलेत, दुकानात गादीवर मांडी घालता येत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. (मालू म्हणते, चार वेळा सांगितलं.) मांडवाच्या मधोमध उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "ह्या माणसानं माझ्यासाटनं सीटखाली शेक बशिवलाय! सख्ख्या भावानं केलं नसतं!"

सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. मी घामाने निथळत होतो. रडतोय असं समजून सासूबाईंनी पदराने माझं तोंड पुसलं.

त्यानंतर वऱ्हाडातल्या गुडघेवाल्या बायकांची रांग लागली. एका वेळी तिघी. इंजिन चालू ठेवल्याशिवाय पाणी तापत नाही, म्हणून मी स्टिअरिंगपाशी. अक्षता पडल्या तेव्हा आतून नुसता आवाज ऐकला. जेवणाचं ताट गाडीतच आलं. मट्ठा गरम झाला होता.

१४ मे, बेळगाव
काल परतताना मालू माझ्या गाडीत बसली. आपणहून, पुढे, माझ्या शेजारी. तिला बरंच उकडलं असणार, पण काच खाली केली नाही. तवंदीच्या घाटात म्हणाली, मी तुमच्याबद्दल भलतंच समजले, अण्णांसाठी एवढं करत होता आणि एका शब्दाने बोलला नाहीत. मी म्हटलं, त्यात काय.

खरं सांगणार होतो. काकती आली आणि राहिलं.

आज सकाळी रवळूचा ट्रंककॉल. गेल्या वर्षी संकेश्वरात जे बोललो त्याची लाज वाटते म्हणाला, आणि खरोखर रडला. मग म्हणाला, दर गुरुवारी मी शेकाला बेळगावात येतो, तुम्ही फकस्त गाडी चालवायची. आणि मालू म्हणत हुती ती गार कॉईल कशाला अडवून ठेवलीया पेटीत? ती काढा आणि तिथं दुसरा हीटर बसवा, म्हंजे पुढच्या सीटवर आपल्या सासूबाईंचीबी सोय हुतीया.

मी विचार करून सांगतो म्हणत होतो. मालूने रिसीव्हर घेतला आणि हो म्हणून टाकलं.