पुसलेले ठिपके

रोझिएर, ११ ऑगस्ट

ती. दादास,
ओडीलचा सा. न. वि. वि.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून घरी आलं की पपा टेबलावरचं मेणकापड पुसायचे आणि आपल्या दोघांपुढे बाण ठेवायचे, आठवतं का? एकेक बाण दोन नखांवर टेकवून फिरवायचा. थरथरला तर डावीकडे, नाही थरथरला तर उजवीकडे. ओव्हनमध्ये कोंबडी असायची, आई म्हणायची आधी हात धुवा. त्या सकाळींत याहून जास्त काही घडत नसे. काल माझ्या नॉर्बर्टचे बाण काढले तेव्हा माझी नखं आपोआप पुढे झाली.

का काढले ते सांगते, मग हसायचं तर हस. यंदा हरणाच्या मोसमात मी नॉर्बर्टचं ते आडवं धनुष्य, क्रॉसबो घेऊन त्याच्या मचाणावर बसणार आहे. गेल्या ऑक्टोबरात काय झालं ते तुला ठाऊक आहे. तुझ्या हाताखाली शिकलेला, जन्मभर काटेकोर माणूस. पण आजारपणात धीर सुटला. बाणांना लावायची नवी धारदार पाती आणली, सरावाची बोथट टोकं लावून नेम जुळवला, आणि पात्यांनी बाण कसा जातो ते न बघताच जंगलात गेला. बाण वीतभर बाजूला गेला, हरिणीच्या मागच्या पायात. सीडरच्या दलदलीत आम्ही दोन दिवस शोधलं. मिळाली नाही. नंतर तो मचाणावर चढला नाही. हिवाळाभर कोठारात बसून त्या नव्या पात्यांना बाण जुळवत राहिला आणि मार्चमध्ये गेला. त्या मचाणाची शेवटची गोष्ट ती लंगडी हरिणी असू नये, एवढंच मला वाटतं.

जेरार्ड म्हणतो, आई, क्रॉसबो विकून टाक, या वयात झाडावर काय चढतेस! मी लेकाला म्हटलं, शिडी आहे.

आता अडचण. सरावाची टोकं लावली की तीस यार्डांवरून सहाही बाण चहाच्या बशीएवढ्या जागेत बसतात. पाती लावली की एक वर, एक डावीकडे, एक थेट नेमाच्या ठोकळ्याच्या कडेला. शेजारचा ह्युबर्ट म्हणाला की नॉर्बर्टने प्रत्येक बाणाच्या एका पिसावर शाईचा ठिपका दिला असेल, ते पीस खाली धर म्हणजे झालं. दादा, ठिपके होते. एप्रिलमध्ये साफसफाई करताना मी सगळे बाण स्पिरिटने पुसले. मला ते डाग वाटले.

काय करू ते लिही. रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी धाकटी,
ओडील


ग्रीन बे, १७ ऑगस्ट

चि. ओडील हिस,
अनेक आशीर्वाद. अक्षर मोठं आहे, कारण डोळ्यांना आता बारीक दिसत नाही. इथल्या वृद्धाश्रमातल्या नर्सबाई विचारत होत्या की आजोबा, दुकानाची पाटी रंगवताय का.

तुझं पत्र वाचून सकाळी रागावलो आणि दुपारी जेवताना एवढा हसलो की समोर बसणारा ऑगस्टीन घाबरला. त्याला सांगितलं, माझ्या बहिणीने नवऱ्याचं हिवाळाभराचं काम फडक्याने पुसून टाकलं. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर फिलोमेनने तुला डाग काढायला शिकवलं, पण डाग कशाचा ते विचारायला शिकवलं नाही.

जाऊ नकोस असं म्हणणार नाही. म्हटलं तर तू ऐकणार आहेस थोडीच! पण एक अट आहे. पात्याचा बाण सरावाच्या बाणाशेजारी जाऊन पडेपर्यंत मचाणावर चढायचं नाही. मोसम उघडला तरी नाही. ज्या बाणाची खात्री नाही तो जंगलात न्यायचा नाही. तसा शब्द दे.

आता नीट वाच. क्रॉसबोवरच्या दुर्बिणीच्या स्क्रूला हात लावू नकोस. ती बरोबर आहे. तिला एका वाकड्या बाणासाठी हलवशील तर पाच सरळ बाण वाकडे होतील. बाणांना नंबर दे. पातं चढवून बाण टेबलावर टोकावर उभा धर आणि भोवऱ्यासारखा फिरव. थरथरला तर बाणाच्या नळीचं तोंड तिरकं कापलंय असं समज; ह्युबर्टकडे ते घासायचं साधन आहे, माझंच नेलेलं.

सगळी खोड अशी की पातं हेही एक पंखच असतं. मागची पिसं बाणाला एकीकडे नेतात आणि पुढचं पातं दुसरीकडे ओढतं. नॉर्बर्टच्या बाणांची शेपटी सपाट आहे. त्याच्या क्रॉसबोला तशीच चालते, म्हणून तिन्ही पिसांपैकी कुठलंही पन्हळीत खाली बसू शकतं. म्हणजे एका बाणाला बसायच्या तीन तऱ्हा, आणि बहुतेक एकीतच तो सरळ जातो. तू पुसलंस ते हेच. आता तिन्ही तऱ्हा मारून बघ. एका खुणेवर एकच बाण मार, नाहीतर दुसरा पहिल्याची शेपटी फोडेल.

बोटं दोरीच्या वाटेत आणू नकोस. तिथे माझ्या आशीर्वादाचा काही उपयोग नाही.

तुझा दादा,
फ्लोरियन


रोझिएर, २४ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मनाशी शब्द दिला होता, म्हणून मोसम उघडला त्या दिवशी घरात बसून ओव्हनमध्ये आलुबुखारच्या गोड पाई भाजल्या. ह्युबर्ट ट्रकमधून चालला होता. काच खाली करून विचारतो, काय वहिनी, बाणांना काठ शिवून झाले का? मी म्हटलं, तुमच्या पँटची शिवण आधी बघा, मागून उसवलीय. खरंच उसवली होती.

दोन नंबरचा बाण टेबलावर थरथरला. त्याचं तोंड घासून घेतलं आणि तो शहाणा झाला. एक, तीन आणि सहाची सरळ जाणारी पिसं सापडली. पाच नंबर पहिल्याच फेरीत सरावाच्या बाणाला चिकटून बसला. मी दुसरं पीस खाली घेऊन पाहिलं, तिसरं पाहिलं, पुन्हा पहिल्यावर आले. पहिलंच बरोबर होतं. नॉर्बर्टचा ठिपका तिथेच असणार. त्या क्षणी कोठारात कुणी नव्हतं ते बरं झालं.

हिवाळाभर तो हेच करत होता, दादा. मारायचा, चालत जायचा, उपटून आणायचा, एक पीस फिरवायचा. आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून जेवायला हाका मारून चिडत होते. सूप निवतंय म्हणायचे. तो म्हणायचा, आलो, हा एकच. तो एकच बाण किती वेळ चालतो ते आता कळलं.

चार नंबरचं मात्र काही चालत नाही. तिन्ही पिसांवर डावीकडे जातो. पातं बदललं, तोंड घासलं, तरी डावीकडेच. खोटं कशाला बोलू, एकदा हात दुर्बिणीच्या स्क्रूपर्यंत गेला होता. मागे घेतला.

ठिपके आता सुनेच्या नेलपॉलिशने दिलेत. रंग फार भडक आहे, पण माझ्या फडक्याला तो डाग वाटणार नाही.

पुढे काय? माझी आठवण असेलच, पण उत्तरातून ती दिसू दे.

ओडील


ग्रीन बे, ३० सप्टेंबर

चि. ओडील हिस,
आशीर्वाद.

चार नंबर सरावाला ठेव. त्याच्यावर आणखी वेळ घालवू नकोस. प्रत्येक घरात असा एक असतो. आपल्याकडे देझिरे मामा होते. त्यांना कुणी सुधारलं नाही, फक्त लग्नात शेवटच्या रांगेत बसवलं.

पाच बाण पुष्कळ झाले. तीस यार्डांपलीकडे मारायचं नाही, आणि तीस म्हणजे तीस, तुझ्या मनातले तीस नव्हेत. ठोकळा उभा राहतो. हरीण दोरीचा आवाज ऐकतं आणि खाली दबतं. वीसच्या आत आलं तर उत्तम. फांदी मध्ये असेल तर मारायचं नाही. अंगाने आडवं उभं नसेल तर मारायचं नाही. नाही जमलं तर थर्मासमधली कॉफी पिऊन घरी यायचं, त्यात काही कमीपणा नाही. नॉर्बर्टही तसाच कितीदा परत आला आहे. त्या एकाच वेळी आला नाही.

ऑगस्टीन विचारतो की बहिणीने हरीण पुसलं की नाही अजून. त्याला उत्तर द्यायचं माझ्या अंगावर आहे, तेव्हा कळव.

दादा


रोझिएर, १९ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल सकाळी झालं. जसं झालं तसं लिहिते.

आधी दोनदा बसून परत आले होते. एकदा मोठा शिंगवाला आला, पण कुंपणापलीकडून गेला. माझ्या मनात तो तीसवर होता. नंतर पावलांनी मोजलं तर चव्वेचाळीस निघाले. तू मला ओळखतोस.

काल दव फार होतं. सूर्य सीडरच्या शेंड्यांवर आल्यावर दलदलीच्या अंगाने एक हरिणी आली. पिल्लू बरोबर नव्हतं. चारही पायांनी नीट चालत होती, ते मी आधी पाहिलं. सफरचंदाच्या जुन्या झाडाखाली थांबली, आडवी, वीसच्या थोडी अलीकडे. फांदी मध्ये नव्हती. पाच नंबर लावला होता, भडक ठिपका खाली. बाण कुठे गेला ते दिसलं नाही, आवाज ऐकला. ती दगडी कुंपणापर्यंत पळाली आणि माझ्या डोळ्यांदेखत आडवी झाली. उठली नाही. मी एक जपमाळ होईतो वर बसून राहिले. मग शिडी उतरले.

बाण मागच्या मातीत रुतलेला मिळाला. बाण जिथे जायला हवा तिथूनच पार गेला होता. शोधावं लागलं नाही, दादा. दलदलीत जावं लागलं नाही.

ह्युबर्ट ट्रॅक्टर घेऊन आला. बाण हातात घेऊन ठिपका निरखला. मग म्हणाला, वहिनी, ते नेलपॉलिश दुसऱ्या रंगात मिळतं का.

हरिणी कोठारात टांगली आहे. ज्याला पहिल्यांदा सांगायचं तो नाही, म्हणून तुला लिहिते. वाटणी कशी करू? ते नेहमी तुम्ही पुरुषांनी ठरवलं आणि मी कागदात गुंडाळत आले.

उत्तर लवकर दे, थंडी अजून पक्की पडलेली नाही.

ओडील


ग्रीन बे, २२ ऑक्टोबर

चि. ओडील हिस,
आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं, दोनदा मी आणि एकदा नर्सबाईंनी मोठ्याने. ऑगस्टीनने टोपी काढली. तो ती जेवतानाही काढत नाही.

वाटणी लिहितो, तशीच कर.

पाठीचं मऊ मांस ह्युबर्टला, अर्धंच. ट्रॅक्टरसाठी आणि त्याने रंग विचारला त्यासाठी. उरलेलं अर्धं सूनबाईला, मार्गोला, तिला म्हणावं नेलपॉलिशचा मोबदला. मान जेरार्डला दे. ती शिजायला फार वेळ लागतो, तेवढा वेळ तो आईला काय करायचं ते सांगणार नाही. पुढचा एक पाय सिस्टर फिलोमेनकडे पाठव आणि कुणी मारलं ते सांग. न सांगता ठेवून येऊ नकोस, तुला ती सवय आहे. दुसऱ्या पायाचे आणि काटछाटीचे सॉसेज करून मला पाठव. मऊ कर, माझे दात आता ग्लासात झोपतात. कलेजी ऑगस्टीनला. डॉक्टरांनी त्याला मना केली आहे, म्हणून डब्यावर भाजी असं लिही. मांड्या तुझ्या, हिवाळ्याला.

हृदय कुणाला द्यायचं नाही. आपल्या घरात ते मारणाऱ्याने खायचं असतं. पपांनी खाल्लं, मी खाल्लं, नॉर्बर्टने इतकी वर्षं खाल्लं, आणि प्रत्येक वेळी लोण्यात कांदा परतून ते तूच केलंस आणि चुलीपाशी उभी राहिलीस. या वेळी कर, ताटात घे, आणि खुर्चीवर बसून गरम असताना खा. मध्ये वाढायला उठू नकोस.

तुझा दादा,
फ्लोरियन