माणसांशिवाय जेवण

बंधुराज वेस्ली यांस,

तू आयडाहोच्या जंगलात वणवा विझवणारा सरकारी शूरवीर आणि मी तुमच्याच छावणीत अंडी फेटणारी. "तुम्ही ठेकेदाराची माणसं, तुम्हांला कुठला आलाय सरकारी मजुरीचा कायदा?" असं जेवणाच्या रांगेत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होतास. आमचा ठेकेदार हॅगर्टीही तेच घोकायचा, "सरकार आपल्याकडून जेवण विकत घेतं, काम नाही! मग सरकारी दराने मजुरी कशाला?"

आज मजूर खात्याच्या बाई आल्या. हॅगर्टीने त्यांनाही तेच ऐकवलं. बाईंनी शेगड्यांपाशी घामाघूम झालेल्या आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "असं? मग उद्या या सगळ्यांना घरी बसवा आणि नुसतं जेवण पाठवून दाखवा."

हॅगर्टीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं! कायदा आम्हांलाही लागू आहे, असं बाईंनी ठणकावून सांगितलं आणि मजुरीच्या सरकारी दराची नोटीस त्यालाच जेवणाच्या तंबूत लावायला लावली.

हे पत्र काही मी पाठवत नाही. उद्या डोंगरावरून उतरलास की ताट घेऊन माझ्यासमोरच येशील. नोटीस मी वाढते तिथेच, माझ्या डोक्याच्या वर लावलेली आहे. सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी वाच, मग वाढते.

तुझी अंडीवाली बहीण,
रोझलिन