येथे मोर होता

दोंडाईचा रोड, २८ मार्च

ती. सौ. कोकिळाअक्का हिला धाकट्या नूतनचा शि. सा. न. वि. वि.

आधीच माफी मागते. माझं ऱ्हस्व-दीर्घ तुला माहीतच आहे, आठवीनंतर त्यात काही भर पडली नाही. आणि टाइप मी एका बोटाने करते, एक ओळ लिहायला एक चहा जातो. चुका दिसल्या तर मनातल्या मनात दुरुस्त करून घे, दाजींना दाखवू नको.

बोलून पाठवलं असतं, पण तूच म्हणालीस की तुमच्या दोन खोल्यांत बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. लिहिणार म्हटल्यावर आबा म्हणाले, मग नीट पत्रासारखं लिही, वर नमस्कार, खाली नाव. नात घरात बसली तरी आजोबांची शाळा चालू आहे. शि. सा. न. चा अर्थ सांगून ते आता झोपायला गेले, म्हणून पुढचं मोकळं लिहिते.

मी कुठे बसले आहे ते ओळख. मोराच्या रिकाम्या पिंजऱ्यात. इथे सावली आहे, रेंज आहे आणि पाटीवर लिहिलंय की येथे मोर होता, त्यामुळे आत कोणी बघत नाही. फक्त काल एका पोराने जाळीला नाक लावून विचारलं की मोर तूच का. मी नाही म्हटलं नाही. मला उत्तर सुचेपर्यंत तो सशांकडे गेला होता.

भाऊंनी लेकीला काम दिलं आहे. फोनच्या नकाशात आपली बाग दिसते, तिथे माहिती टाकायची. मी अशी लिहिली आहे, तपासून दे:

तोताराम प्राणी बाग. सर्वांचे स्वागत. श्री. तोताराम आबा यांनी एका कंपनीच्या सांगण्यावरून इमू पाळले. कंपनी अंडी न्यायला येणार होती ती आली नाही. इतरांनी आपले इमू सोडून दिले, आबांनी कुंपण घातले. मग लोक बघायला येऊ लागले. नंतर वरातीतून निवृत्त झालेली घोडी, पाय अधू झालेला उंट, बदके, टर्की व ससे आले. मोर ठेवता येत नाही असे कळल्यावर मोर सरकारी माणसांच्या स्वाधीन केला, पिंजरा बघायला मिळेल. बाहेर गरम भजी मिळतात.

भाऊंनी सगळं वाचलं, म्हणाले बठ्ठं बराबर शे, फक्त मॅनेजरचं नाव राहिलं. मॅनेजर म्हणजे आपला मोठा इमू हे नवीन माणसाला कसं कळणार. आबा अजून येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, की कंपनीचा मॅनेजर पळाला म्हणून हे नाव ठेवलं, निदान हा तरी पळाला नाही.

तुझ्या गल्लीतल्या त्या क्लासचं मी कोणालाच सांगितलं नाही. बाहेरून दहावी करता येते, तुझ्याकडे राहता येईल, हे मी रोज रात्री मनात म्हणून बघते. बाप असून भाऊंची मला भीती वाटत नाही, पण काही मागायचं म्हटलं की जीभ आत जाते. घोडीसमोर सराव केला. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि शेपटी हलवली.

तुझा सूर्यफुलांचा गाऊन अजून टिकला आहे. खायला घालताना मीच घालते, इमूंची घाण उडाली तरी चालते. रात्री धुते, सकाळी कडक वाळलेला असतो.

तुझी माया आहे तेवढी राहू दे, वाढली तर परत पाठवणार नाही.

तुझी नूतन

*

पिंप्राळा, जळगाव, १ एप्रिल

चि. नूतन हिला अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात कुकरच्या आडोशाला उभी राहून वाचलं. मोर वाचून हसू आलं, तर सासूबाईंनी बाहेरून विचारलं की काय झालं. मिरची लागली म्हटलं. वाईट नाहीत गं त्या. पण दिवसभर दारात बसून धान्य निवडतात, आणि दाराला दुसरी बाजूच नाही. खिडकी उघडली की शेजारच्यांची भिंत हाताला लागते. रविवारी हे मेहरूणच्या तलावावर नेतात तेव्हा मी पाण्याकडे कमी आणि लांबवर जास्त बघते.

माहिती चांगली लिहिली आहेस. मोराचा पिंजरा बघायला मिळेल हे काढू नको, भाऊ काढ म्हणाले तरी.

गाऊन माझाच ना तो, बाही उसवलेला? इथे सुना गाऊन घालत नाहीत म्हणून तिथेच राहिला. लग्नाआधी मी रोज सकाळी तोच घालून बादली घेऊन निघायचे आणि मॅनेजर माझ्या मागे मागे यायचा, वऱ्हाडातल्या मामासारखा. मी सासरी आल्यावर जनावरांनी खाणं सोडलं आणि त्यासाठी तुझी शाळा सुटली, हे माझ्या घशात अजून अडकलेलं आहे.

म्हणून सांगते. क्लासच्या कागदावर अक्षय्य तृतीयेनंतर लिहिलंय, म्हणजे आपल्या आखाजीनंतर पुन्हा सुरू होतो. ताईबाई शिकवतात, सगळ्या बायकाच आहेत, एक तर आपल्या आईच्या वयाची आहे, ती पण पाटीवर उत्तर लिहायला लाजते. तुझ्या दाजींनी होकार दिला, सासूबाईंनी नाही म्हटलेलं नाही. स्वयंपाकघरात तुझी गादी मावते, मी झोपून बघितलं. आखाजीला मी माहेरी येईन आणि जाताना तुला घेऊन जाईन. पण भाऊंना तू विचारायचं. मी विचारलं तर ते मला नाही म्हणतील, तुला म्हणणार नाहीत.

घोडीला विचारणं बंद कर. जीव लावते, तसा तूही मला लावत जा.

तुझी अक्का

*

दोंडाईचा रोड, ९ एप्रिल

ती. सौ. अक्का हिला सा. न. वि. वि.

विचारलं.

भाऊ पाण्याचा पाइप लावत होते, त्यांची पाठ माझ्याकडे होती, म्हणून जमलं. मी एका दमात सगळं बोलले, क्लास, गादी, बायका, दहावी. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पाइप खाली ठेवला, माझ्या हातातली मक्याची बादली घेतली आणि म्हणाले चल, तुला दाखवतो.

ते आत गेले. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, तसेच. इमू पार मागच्या जाळीला जाऊन चिकटले, मॅनेजर तर जाळीवर आपटला. घोडीने पाठ केली. उंटाने मान वर करून ठेवली, जसं काही त्याला भूकच नाही. भाऊ बराच वेळ हात पुढे करून उभे होते. स्वतःच्या जनावरांपुढे हात पसरलेला बाप मला बघवला नाही. मग त्यांनी बादली मला दिली. मी आत पाय ठेवला आणि बठ्ठे धावत आले.

मग भाऊ म्हणाले की नूतन, तूच सांग मी काय करू. तू गेलीस की कोकिळा गेली तेव्हासारखे हे उपाशी बसतील, तेव्हा एक इमू मेलाच होता. बांधून ठेवत नाही तुला, जायचं तर जा, मी अडवणार नाही. असं म्हणून ते पाइप उचलून गेले.

आता सांग, कशी जाऊ. दार उघडं ठेवलंय आणि तेच जास्त बंद आहे.

सुट्ट्या लागल्या म्हणून गर्दी वाढली आहे. लोक म्हणतात ही पोरगी किती नशीबवान, प्राणी हिचं ऐकतात. एक बाई मला चिवड्याचा पुडा देऊन गेली, म्हणाली की असं प्रेम माणसांत नाही. पिंजऱ्यात जाऊन चिवडा खाल्ला. ऊन इतकं आहे की जाळीला हात लावला तर भाजतो.

तू आखाजीला ये. आईने झोका बांधायला दोर काढून ठेवला आहे. क्लासचं राहू दे. तू नुसती ये आणि माझ्याशी बोल, माझं बोलणं इथे कोणाला ऐकू जात नाही.

आठवण काढतेस ना, ती बंद पडू देऊ नको.

तुझी नूतन

*

पिंप्राळा, २३ एप्रिल

चि. नूतन हिला आशीर्वाद, वि. वि.

सुखरूप पोहोचले. गाडीत बसायला जागा मिळाली. आईने दिलेल्या सांजोऱ्या सासूबाईंना आवडल्या, त्यांनी दोनदा मागून घेतल्या. घरी आल्यापासून मी जास्त बोलत नाही, तर हे विचारतात की माहेरी भांडण झालं का.

तुला मी कालपर्यंत कळवणार नव्हते, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुला झोपू दिलं ना, ते फक्त प्रेमाने नाही. मला वाटलं, दोन वर्षं झाली तरी जनावरं मला ओळखतील. मी खायला घातलं आणि त्यांनी खाल्लं, की भाऊंना सांगता येईल, बघा, नूतनशिवायही खातात, चार दिवस रुसतील आणि मग खातील. मी मुद्दाम आखाजीची नवी साडी नेसून गेले, मॅनेजरला वाटावं अक्का किती छान दिसते.

नूतन, ते माझ्यापासून पळाले. पिल्लू असताना मी ज्याला कडेवर घेऊन फिरले, तो मॅनेजर माझ्याकडे बघून फिस्कारला. उंटाने तर ओळख दाखवली नाहीच, तोंड पण फिरवलं. भाऊ लांबून बघत होते. त्यांनी येऊन माझ्या हातातली बादली घेतली. तुला उठवायला मीच आले, आठवतं? डोळ्यात कचरा गेलाय म्हणाले होते.

तेव्हा मी आता आग्रह करत नाही. भाऊंचं बरोबर आहे. तुझ्याशिवाय ते कोणाचेच नाहीत, माझे सुद्धा नाहीत. क्लास सोमवारी सुरू होतो. ताईबाईंना मी सांगून टाकते की बहीण येत नाही. गादी गुंडाळून वर ठेवली.

राग मानू नको. माझ्यावर रुसलीस तरी पत्र मात्र लिहीत राहा.

तुझी अक्का

*

दोंडाईचा रोड, ३० एप्रिल

ती. सौ. अक्का हिला नूतनचा सा. न. वि. वि.

ताईबाईंना सांगितलं असशील तर परत जाऊन सांग की येते. गादी पण खाली काढ. आता पहिल्यापासून लिहिते, बोट दुखलं तरी.

तू गेलीस त्या दिवशी मी गाऊन दुपारीच धुतला. पाहुण्यांचे कपडे दोरीवर होते म्हणून इमूंच्या जाळीवर वाळत घातला. चहा घेऊन बाहेर आले तर काय. बठ्ठे इमू सावली सोडून भर उन्हात गाऊनपाशी गोळा झाले होते. मॅनेजर सूर्यफुलावर चोच मारत होता, हळूच, जसा माझ्या बाहीवर मारतो तसा. उंटाने पलीकडून मान लांब करून गाऊनला नाक लावलं होतं. घोडी कुंपणाला येऊन उभी. गाऊनमध्ये कोणीच नव्हतं अक्का.

भाऊ तिथेच होते, हातात पाइप, पाणी नुसतं मातीत चाललं होतं. त्यांनी मला बघितलं. मी त्यांना बघितलं. मग त्यांनी पाणी बंद केलं आणि ते विहिरीकडे गेले.

त्यानंतर ते काही बोलले नाहीत. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. मीही नाही. मी रोज गाऊन घालून आत जायचे आणि इमू धावत यायचे, आणि मला त्यांचा इतका राग यायचा की बादली त्यांच्या अंगावर फेकावीशी वाटायची. दोन वर्षं मी समजत होते की हे माझ्यावर जीव टाकतात, मला जाता येत नाही. आणि सगळा जीव एका उसवलेल्या बाहीवर. तुझं पत्र आलं तेव्हा मी पिंजऱ्यात बसून रडले. तू नवी साडी नेसून गेलीस म्हणून ते पळाले गं. तुला विसरले नव्हते. तुला कोणी ओळखलंच नव्हतं कधी, मलाही नाही.

तरी भाऊंना काही म्हणता येईना. वाटलं, त्यांना कळलंय, पण कळलेलं ते असंच पुरून टाकणार. सुट्ट्यांची गर्दी आहे, आणि एवढ्या लोकांसमोर गाऊन घालणार कोण. आई आत जायला घाबरते, टर्की ओरडली तरी ती खुर्चीवर चढते. आबांचे गुडघे चालत नाहीत. सोमवार गेला. मी कॅलेंडर भिंतीकडे वळवून ठेवलं.

आज सकाळी उठले तर गाऊन दोरीवर नव्हता. बादली पण नव्हती. मी धावत गेले.

भाऊ आत उभे होते. पायजम्यावर तुझा गाऊन, तो त्यांना गुडघ्यापर्यंतच येतो, पाठीवरची चेन लागलीच नव्हती, आणि वर त्यांच्या त्या मिशा. मॅनेजर त्यांच्या हातातून मका खात होता. उंट त्यांच्या खांद्यावर मान टाकून उभा. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. इमूकडे बघतच विचारलं की क्लास सुरू झाला का, का अजून घेतात. मी म्हटलं विचारून बघते. तर म्हणाले, आधी ये इकडे, ही चेन लाव, वारं लागतंय.

मी चेन लावली. भाऊंच्या पाठीला मी लहानपणानंतर पहिल्यांदा हात लावला असेल.

तेवढ्यात शिरपूरहून एक गाडी आली, पोरंबाळं, मोबाइल काढून उभेच. मला वाटलं भाऊ गाऊन काढून फेकतील. ते काढायला गेले पण, आणि मॅनेजर दोन पावलं मागे सरकला. मग त्यांनी हात खाली केला आणि तसेच उभे राहिले, मान खाली घालून, मी उभी राहते तशी. लोक हसत होते. ते सशांकडे गेले तरी भाऊंनी बादली रिकामी होईपर्यंत मान वर केली नाही. मी सुटले असं मला अजून वाटत नाही. आता माझ्या जागी ते उभे आहेत एवढंच वाटतं.

आबा मात्र खुश. म्हणाले माहितीत अजून एक ओळ घाल, सकाळी मालक स्वतः खाऊ घालतात, वेळेवर यावे. मी भाऊंना विचारलं घालू का. ते म्हणाले घाल, नाहीतरी बठ्ठं गाव बघणारच शे. आईने गाऊनची बाही शिवून दिली आणि बाजूने कापड जोडून तो सैल करायला घेतला आहे. सूर्यफुलांच्या मध्ये आता एक निळी पट्टी येईल. इमूंना चालेल का माहीत नाही.

मी गुरुवारच्या पॅसेंजरने येते. दाजींना स्टेशनवर पाठवू नको, मला त्यांच्याशी काय बोलायचं सुचत नाही, मी पिंप्राळ्यापर्यंत रिक्षाने येईन. त्या बाईच्या शेजारी बसेन, जी पाटीवर लिहायला लाजते. सासूबाईंसाठी सांजोऱ्या आणते.

माझ्यासाठी जागा ठेव, गादीवर आणि तुझ्यात पण.

तुझी नूतन

ता. क. आई आत्ता भज्यांच्या गाडीवरून ओरडून सांगते आहे की तुझ्या वर्गातल्या ममताला काल जुळं झालं, दोन्ही मुली, आणि एकीला जन्मतःच दात आहे.