सकाळी सातला सोडलेली खोली

प्रिय वर्षा,

सुकदेवकाकाचा आशीर्वाद. अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घे. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, मालाच्या चिठ्ठ्या वाचून लिहायला शिकलो. तू सात वर्षांची होतीस तेव्हा तुझा बाप धुडकू आणि मी लिंबायतला कापडाच्या एकाच लूमवर होतो. एकच खोली, एकच गोधडी. तो दिवसपाळीला, मी रातपाळीला. सकाळी सातला तो उठायचा, मी तिथेच आडवा व्हायचो. गोधडी गार अशी कधी झालीच नाही.

लूम बंद पडल्यावर तो दारूत बुडाला. तुझ्या आईने काय सोसलं ते मी तुला काय सांगू. चौदा वर्षं तो पुलाखाली होता, हे मलाही मागच्या वर्षी कळलं. एका संस्थेने अशा दहा-बारा जणांना बिल्डिंगमध्ये खोल्या दिल्या, तिथे मी रात्रीचा वॉचमन. त्याला ओळखायला मला घटकाभर लागली. खोली चांगली होती गं, पंखा, खिडकी. आठवड्याला एक ताई येऊन गोळ्या द्यायची. दारू सुटली नव्हती, पण आटोक्यात आली होती.

शेजारच्यांना मात्र ही माणसं नको होती. मंगलाबाई तर नळावर त्याची बादली दिसली की आपला हंडा उचलून न्यायची. तिलाही काय बोलू, गटार तुंबलेली, पाणी अर्धा तास, त्यात ही डोकी वाढली. त्यांनी मिळून संस्थेकडे अर्ज दिला, हा माणूस खोली वापरतच नाही, दिवसभर पायरीवर बसतो.

आणि ते खोटं नव्हतं. रोज सातला तो अंथरूण झटकायचा, दार सताड उघडं टाकायचा आणि खाली येऊन संध्याकाळी सातपर्यंत पायरीवर बसायचा. पंखा चोरीला गेला तरी दार उघडंच. मी घरी निघालो की रोजचं एकच, "सुकदेव, खोली उघडी शे, जपी जाय." मी हसायचो. म्हणायचो, मला घर आहे रे बाबा, तूच जाऊन झोप. वाटायचं, पिऊन बरळतोय. संस्थेच्या साहेबांनी विचारलं तेव्हा मी लिहून दिलं, दिवसा खोलीत राहत नाही. खाली सही केली.

खोली गेली. पिशवी घेऊन उतरताना तो मला म्हणाला, "आते तू कोठे जपशी?"

तेव्हा मला कळलं, रोज सातला तो माझ्या झोपेसाठी जागा सोडत होता. मी धावत साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "काका, तुम्हीच तर लिहून दिलंत." खोलीत दुसरा माणूस आलाही होता.

तीन आठवडे त्याने पुन्हा पुलाखाली काढले. आता दवाखान्यात आहे, छाती भरली आहे, डॉक्टर मान हलवतात. नर्स विचारते, रक्ताचं कोण? माझं नाव चालत नाही, आणि कोणीच नसलं तर कागदावर बेवारस लिहितात. म्हणून तुझ्या मामाकडून नंबर-पत्ता घेऊन तुला न विचारता मी तुझं नाव दिलं. हे फोनवर माझ्याने बोलवलं नसतं. तू ये असं म्हणत नाही, माफ कर असंही नाही. फक्त तिथून फोन आला तर असा कोणी माणूस आमचा नाही, एवढं म्हणू नकोस, पोरी.

तुझाच,
सुकदेवकाका