बडतर्फीचा आदेश यंत्रातून बाहेर काढण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, श्री. भगवंतराव ढोके,
नवप्रभात संत्रा-कापूस विक्री सहकारी संस्था,
पांढुर्णा, जि. छिंदवाडा.

विषय: संगणकात अडकलेला अर्जदाराच्या बडतर्फीचा आदेश आमसभेत सर्वांसमक्ष उघडू देण्याबाबत.
संदर्भ: शिपाई रामाजी यांच्यामार्फत आलेला आपला कालचा तोंडी निरोप.

महोदय,

"मशीन चालू करून दे बाई, मंग तुले काढल्याचा कागद छापता येते," हा आपला निरोप अर्जदारास मिळाला. रामाजींनी तो हसू दाबून सांगितला. अर्जदाराने तो गंभीरपणे घेतला आहे.

१. अर्जदार भौतिकशास्त्राची पदवीधर असून गेल्या वर्षापासून संस्थेच्या संगणकावर काम करते. पोळ्यानंतर यंत्र अडू लागले. कोरे पान उघडते, त्यावर लिहिता येते, लिहिलेले साठवताही येते. पण एकदा बंद केलेला कागद पुन्हा उघडायला गेले की पडदा जागच्या जागी थिजतो. मग कोणतीही कळ दाबा, हलत नाही. आमसभेची सूचना, अहवाल, संत्र्याच्या गाड्यांची पत्रे, सारे आत आहे.

२. व्यवस्थापक श्री. देवीदास यांनी निदान लगेच केले: यंत्राला विटाळ झाला. जामसांवलीच्या मारुतीचा शेंदूर त्यांनी पडद्याला लावला आणि अर्जदारास खोलीबाहेर उभे केले. तरीही कागद उघडेना, तेव्हा संस्थेच्या वजनकाट्यावर कापसाची पोती उचलणाऱ्या तिच्या वडिलांना त्यांनी सगळ्या हमालांसमोर ऐकवले, "श्रावण, तुया पोरीनं लाखाची मशीन बंद पाडली. कोनाचा हात लागून राहिला मशीनले, मी तवाच म्हनत होतो." वडिलांनी पोते पाठीवर घेतले. हा अर्ज त्या वाक्यासाठी आहे. नोकरीचा प्रश्न त्यानंतरचा.

३. मग व्यवस्थापकांनी दोन बोटांनी अर्जदाराच्या बडतर्फीचा आदेश त्याच यंत्रावर लिहिला, साठवला आणि ते चहाला गेले. परत आल्यावर तो उघडेना. हाताने लिहिलेला आदेश चालत नाही, कारण सर्व आदेश संगणकावरच निघावेत असा ठराव त्यांनीच मंजूर करून घेतला आहे. टाइपरायटर त्याच ठरावाने विकला गेला; तो आता त्यांचे साळे केशवराव यांच्या सौसरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये आहे. परिणामी अर्जदाराला काढले असे सारे म्हणतात, आणि नियमाने ती नोकरीत आहे. ती रोज येते, हजेरी लावते, यंत्रासमोर बसते.

४. हाती काम नसल्याने तिने कारण शोधले. विजेचा दाब मोजला, ठीक होता. धूळ झाडली, फरक पडला नाही. साध्या आज्ञेने कागदांतला मजकूर पडद्यावर आणला, तर तो पूर्ण दिसला. म्हणजे कागद शाबूत, दोष उघडण्याच्या क्रियेत. हा लेखनाचा प्रोग्राम साठवलेला कागद उघडताना आधी प्रिंटरला हजेरी विचारतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. किती थांबावे, हे त्याला कोणी शिकवलेले नाही. प्रिंटर तर पोळ्यापासून खोलीत नाही. व्यवस्थापक सांगतात, तो नागपूरला दुरुस्तीला गेला आहे.

पडताळा म्हणून अर्जदाराने प्रिंटरच्या मोकळ्या केबलच्या टोकातल्या दोन पट्ट्या केसांच्या पिनेने एकमेकींना जोडल्या. प्रिंटरने ओ दिली असे यंत्राला वाटले आणि कागद तत्काळ उघडला. तिने स्वतःच्या बडतर्फीचा आदेश वाचला, त्यातल्या चुका जशाच्या तशा राहू दिल्या, कागद बंद केला आणि पिन काढून परत केसांत खोवली.

५. टाइपरायटर गेला तिकडेच प्रिंटरही गेला असावा असे वाटून तिने सौसरला जाऊन केशवरावांच्या इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थिनी म्हणून नाव घातले. दारावर नवी पाटी आहे: 'येथे कॉम्प्युटर शिकवला जातो.' आत टेबलावर, झेंडूचा हार घातलेला, आपल्या संस्थेचा प्रिंटर. केशवराव एक बटण दाबून धरतात, प्रिंटर करकरत आपणहून इंग्रजी अक्षरे छापतो, विद्यार्थी टाळ्या वाजवतात. ही प्रिंटरची स्वतःची चाचणी असते. तिला संगणक लागतच नाही. अर्जदाराने विचारले, "सर, याचा पडदा कुठं हाय?" केशवराव म्हणाले, "पडदा सिनेमाले लागते, बाई. हा असली कॉम्प्युटर हाय!"

६. यंत्र एका मिनिटात सुरू करणे अर्जदारास शक्य आहे, प्रिंटर नसतानाही. ती ते करणार नाही. तिची विनंती अशी की, आमसभेच्या दिवशी सभासद आणि काट्यावरचे सर्व हमाल हजर असताना व्यवस्थापकांनी प्रिंटर सौसरहून आणावा. बसस्टँडपासून सभेपर्यंत तो त्यांनी स्वतः डोक्यावर वाहावा. हमाल देऊ नये. केशवरावांनी विद्यार्थ्यांसह यावे, म्हणजे मुलांना पडदाही पाहायला मिळेल. केबल व्यवस्थापकांनी जोडावी. अर्जदार यंत्राला हातही लावणार नाही.

पहिला कागद तिच्या बडतर्फीचा छापावा. 'कु. कमल यांच्या हातामुळे यंत्र कायमचे निकामी झाले आहे' हे त्यातले वाक्य, त्याच यंत्रातून नुकतेच बाहेर आलेले, व्यवस्थापकांनी श्रावण यांच्याकडे तोंड करून मोठ्याने वाचावे. आवाज मागच्या रांगेपर्यंत न पोहोचल्यास पुन्हा वाचावे.

मग तो आदेश सहीसाठी आपल्यापुढे येईल. सही करावी की नाही, हे अर्जदार सुचवू इच्छित नाही. पेन ती घेऊन येईल.

आदेश हाती पडेपर्यंत संस्थेची नोकर,

(सही)
कु. कमल श्रावण सोमकुंवर, बी.एस्सी.
पांढुर्णा, दि. १४ ऑक्टोबर १९८८

सोबत: इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश घेतल्याची पावती, संस्थेच्या प्रिंटरने तेथील वर्गात छापलेले अक्षरांचे एक पान.