सरावाचे बैल

अमरावती, शुक्रवार, १९ सप्टेंबर १९५८

भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसायला आठच दिवस उरले. माझ्या शकूचं अकोल्याहून पत्र आलंय, "आई, मुलीची पहिलीच भुलाबाई आहे. माझ्या लहानपणी रंगवायचीस तशीच मातीची मूर्ती रंगवून दे." आजारपणापासून माझा हात कापतो, हे तिला कळवलेलंच नाही. का नाही कळवलं?

म्हणून आज सरावासाठी लहान मूर्ती आणायला गंगू कुंभारणीकडे गेले. मातीचे बोटभर पोपट फार गोड होते, तेच उचलले. तिने ते माझ्या हातातून काढून घेतले आणि पोळ्याचे उरलेले बैल पुढे केले.

"पोपट नोका घेऊ, बाई. चोच लय नाजूक असते. बैलाचा डोळा इकडंतिकडं झाला तरी तो बैलच दिसते."

"आणि भुलाबाईचा झाला तर?"

"मंग पोरी हासतीन ना."

संध्याकाळी चार बैल रंगवले. अंग, झूल, शिंगं जमली. डोळे नाही. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत चित्रं काढताना सिस्टरांनी करंगळी टेकवून हात स्थिर करायला शिकवलं होतं. तशी टेकवली, तरी एकाचाही डोळा धड उतरला नाही. चौथा बैल तर रडल्यासारखा दिसतो. राहून राहून त्याच्याकडेच बघते आहे.

शेवटी शकूला पत्र लिहिलं. हाताचं सगळं सांगितलं. पौर्णिमेआधी दोन दिवस ये, लुगडं नि दागिने मी रंगवते, डोळे तू काढ.

उद्या गंगूकडून आणखी बैल आणायला हवेत. शकूने आजवर कुंचला हातात धरलेला नाही.